घरासाठी मोझॅक आणि नक्षीदार फरशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात नवे घर बांधणारी, फ्लॅट सजवणारी किंवा पेठेतला जुना वाडा दुरुस्त करणारी मंडळी आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये बहुधा मोरोक्कोतल्या एखाद्या अंगणाचे नाहीतर कुठल्याशा हॉटेलच्या न्हाणीघराचे चित्र असते, आणि "असे आपल्याकडे होईल का?" हा पहिला प्रश्न असतो. होते. मात्र असे काम चित्रात न दिसणाऱ्या गोष्टींवर उभे असते : खालचा थर, सांधा आणि कडेची पट्टी. पुढची बहुतेक उत्तरे फिरून याच तिघांपाशी येतात.

आमच्या घरात "मोझॅकची फरशी" आहे. मासिकात दिसणारा मोझॅक तो हाच का?

शब्द एक असला तरी वस्तू वेगळ्या आहेत. मूळ अर्थाने मोझॅक म्हणजे दगड, काच किंवा भाजलेल्या मातीचे लहान तुकडे शेजारी शेजारी बसवून साधलेले चित्र किंवा नक्षी. ठिपक्यांच्या रांगोळीत जवळून ठिपके दिसतात आणि दोन पावले मागे सरले की कमळ दिसते, तसाच हा प्रकार. आपल्या बोलण्यातली "मोझॅकची फरशी" म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा मिसळून साच्यात दाबलेली, आणि बसवून झाल्यावर मशीनने घासून पॉलिश केलेली लादी. तिला इतरत्र टेराझो म्हणतात. तिसरा प्रकार नक्षीदार सिमेंट टाइलचा, जिच्यात फुले, चौकटी आणि तारे रंगीत सिमेंटनेच घडवलेले असतात. चौथा प्रकार सर्वांत जास्त विकला जातो : साध्या सिरॅमिक टाइलवर मोझॅकचे चित्र छापलेले असते. त्यात वाईट काही नाही, पण ते मोझॅकचे छायाचित्र आहे हे ओळखून घ्यावे, म्हणजे पैसे मोजताना गल्लत होत नाही.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात आजोबांच्या वेळची नक्षीदार फरशी आहे. ती उखडून व्हिट्रीफाइड टाइल घालावी का?

आमचे मत विचाराल तर उखडू नये, निदान नीट पाहिल्याशिवाय तरी नाहीच. अशा फरश्या दोन जातींच्या असतात. एक इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटनसारख्या कारखान्यांची, भट्टीत भाजलेल्या रंगीत मातीची; तिच्यावरून पुढे कित्येक घरांत कोणत्याही नक्षीदार फरशीला "मिंटन" म्हणायची पद्धत पडली. दुसरी सिमेंटची, आणि जुन्या घरांत आपल्याला बहुतांशी हीच सापडते. परदेशी फरशीला तोडीस तोड देशी फरशी हवी या स्वदेशीच्या भावनेतून १९२२ मध्ये मुंबईत सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स हा उद्योग सुरू केला आणि तो आजही चालू आहे.

सिमेंटची नक्षीदार टाइल भट्टीत जात नाही. लोखंडी साच्यात नक्षीच्या आकाराची धातूची चौकट ठेवतात आणि तिच्या प्रत्येक कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी व रंग यांची पातळ खळ पळीने ओततात. मग चौकट अलगद उचलून घेतात, वर कोरडे सिमेंट-वाळूचे मिश्रण आणि पाठीचा जाड थर घालतात, आणि सगळे यंत्राने दाबतात. त्यानंतर टाइल काही दिवस पाण्यात मुरते. रंगाचा हा थर काही मिलिमीटर जाड असल्यामुळे चार पिढ्यांच्या पायांखाली झिजूनही नक्षी तशीच राहते, आणि वरवर मळकट दिसणारी फरशी घासून पुन्हा उजळता येते. छापील टाइलच्या बाबतीत ही सोय नाही.

आपली फरशी कोणत्या जातीची आहे हे कळत नसेल तर एखाद्या आधीच फुटलेल्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून पाहावा. बारीक फेस आला तर सिमेंट, नाही आला तर भाजलेली माती. हा प्रयोग चांगल्या टाइलवर मात्र करू नये, कारण आम्ल हाच या फरशीचा शत्रू आहे. आमच्या स्वतःच्या घरात ही चूक घडलेली आहे. काम संपल्यावर सांध्यांवरचे सिमेंट काढायचे म्हणून मिस्त्रींनी नेहमीच्या सवयीने बादलीभर ॲसिडचे पाणी सोडले, आणि आम्ही दुपारी जेवून येईपर्यंत राखी रंगाच्या टाइलवर दीड फुटाचा पांढुरका डाग पडला होता. त्यावर आता धान्याची कोठी ठेवलेली आहे. मिस्त्री वाईट नव्हते. सिरॅमिकला जे चालते ते सिमेंटला चालत नाही, एवढे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि सांगायला हवे होते ते आम्हीच.

जुनी फरशी राखायची असेल तर आधी ती नाण्याने किंवा किल्लीने वाजवून पाहावी. जिथे पोकळ आवाज येतो त्या टाइलवर खडूने खूण करावी, तेवढ्याच टाइल अलगद काढून खालचा भर नव्याने करावा आणि त्याच टाइल जागेवर बसवाव्यात. फुटलेल्यांच्या जागी खाटेखालच्या किंवा कपाटाखालच्या चांगल्या टाइल आणता येतात आणि तिथे साधी टाइल घालता येते. वाड्यातल्या कामात ही अदलाबदल आम्ही सर्रास करतो.

तशी नवी टाइल आज मिळते का? किती लागते?

मिळते. दाबून केलेल्या टाइलखेरीज तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागातली अत्तंगुडीची टाइलही मागवता येते. ती काचेच्या तुकड्यावर रंग ओतून हाताने केली जाते, आणि काचेला टेकलेली बाजूच वरची बाजू होत असल्यामुळे पॉलिश न करताही तिला झळाळी असते. हातकाम असल्याने दोन टाइलच्या रंगात किंचित फरक पडतोच. तो दोष वाटणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

हिशेब सोपा आहे. नेहमीचे माप ८ इंच बाय ८ इंच असते, म्हणजे एका चौरस फुटाला सव्वादोन टाइल. १० बाय १० फुटांच्या खोलीला २२५ लागतात आणि कापाकापीची दहा टक्के धरून २५० घ्याव्यात. पाऊण इंच जाडीची एक टाइल दोन किलोच्या आतबाहेर भरते, म्हणजे एका खोलीचे ओझे पाचशे किलोच्या घरात जाते. वरच्या मजल्यावर, त्यातही लाकडी तक्तपोशी असलेल्या जुन्या घरात, हे काम इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

घरात मोझॅक नेमका कुठे शोभतो?

जिथे नजर थांबते आणि हात किंवा पाय फारसा घासत नाही, तिथे. अख्ख्या हॉलला मोझॅक करण्याचा आग्रह अनेकजण धरतात. आम्ही त्यांना थोडे थांबवतो, कारण चारही बाजूंनी नक्षी असली की कोणतीच नक्षी दिसत नाही. देवघराची मागची भिंत, उंबरठ्याच्या आतली चार फुटांची पट्टी, जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजू, वॉश बेसिनच्या वरचा भाग, ओट्यामागचा डॅडो या जागा लहान असतात, तिथे खर्च आटोक्यात राहतो आणि कामही मनासारखे करून घेता येते.

आमच्या मते मात्र कोल्हापुरी घरात मोझॅकची सर्वांत हक्काची जागा तुळशी वृंदावन ही आहे. बाजारातल्या तयार वृंदावनावर देवाचे चित्र छापलेल्या चार टाइल डकवलेल्या असतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांचे कोपरे सुटू लागतात. त्याऐवजी मंगळवार पेठेतल्या एका अंगणात आम्ही केलेले काम सांगतो. घरच्या आजींनी वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या फुटक्या निळ्या-पांढऱ्या बशा, दिवाळीआधी फुटलेली एक बरणी आणि हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे एवढाच ऐवज होता. बशांच्या गोल कडा वरच्या काठाला लागल्या, त्यामुळे काठाला आपोआप महिरप आली. सपाट तुकडे पोटावर गेले. बांगड्यांचे तुकडे आडवे न बसवता किंचित वाकडे खोचले, त्यामुळे सकाळच्या उन्हात ते पानांसारखे दिसतात. चौथ्या बाजूला तुकडे कमी पडले. तिथे आजींनी साधा गेरूच ठेवायला सांगितला, आणि आज ती बाजूच सर्वांत चांगली दिसते, असे आम्हांला वाटते.

तांबड्या रश्श्याचे आणि हळदीचे डाग ओट्यामागच्या मोझॅकवर राहणार नाहीत का?

काचेच्या किंवा चकाकी दिलेल्या तुकड्यांवर राहणार नाहीत, सांध्यांत राहतील. मोझॅकमध्ये तुकडे लहान असल्यामुळे सांधे पुष्कळ असतात, आणि सिमेंटचा सांधा तेल व तिखट शोषून घेतो. कोल्हापुरी फोडणीपुढे पांढरा सिमेंटचा सांधा सहा महिने टिकला तर खूप झाले. म्हणून ओट्यामागे सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट वापरावे. ते राळ आणि हार्डनर मिसळून होते, पाणी किंवा तेल शोषत नाही. फक्त ते थोडे थोडे कालवून भरावे आणि ओले असतानाच पुसून घ्यावे, कारण एकदा वाळले की टाइलवरचा त्याचा थर काढताना घाम फुटतो. सिमेंटचेच सांधे भरलेले असतील तर रंग राखाडी किंवा विटकरी घ्यावा आणि वर सीलर लावावा. हळदीचा ताजा डाग उन्हाने फिका पडतो, त्यामुळे पूर्वेच्या खिडकीजवळ ओटा असेल तर निम्मी काळजी सूर्यावर सोपवता येते. मिरचीच्या तेलकट डागाला मात्र ही सवलत नाही.

काचेचा मोझॅक बसवताना गवंड्याला काय सांगावे?

काचेचा मोझॅक सुटा येत नाही. सुमारे ३०० मिलिमीटर चौरसाच्या ताव्यांत येतो, आणि प्रत्येक ताव्यात २० मिलिमीटरचे तुकडे जाळीवर किंवा कागदावर चिकटवलेले असतात. एक ताव जवळजवळ एक चौरस फूट भरतो, म्हणून ३० चौरस फुटांच्या भिंतीला दहा टक्के जादा धरून ३४ ताव घ्यावेत. काच पारदर्शक असल्याने मागचे सगळे दिसते. करड्या ॲडेसिव्हवर बसवलेला मोत्याच्या रंगाचा मोझॅक ढगाळ दिसतो, तेव्हा ॲडेसिव्ह पांढरेच हवे. दातेरी थापीने ओढलेल्या रेघाही काचेतून दिसतात. म्हणून रेघा ओढून झाल्यावर थापीच्या सपाट बाजूने त्या दाबून सपाट कराव्यात आणि मगच ताव लावावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना वेगळीच आहे. दोन ताव्यांमधला सांधा आणि ताव्यातल्या तुकड्यांमधला सांधा यांत फरक पडता कामा नये. तो पडला की लांबून पाहणाऱ्याला मोझॅक दिसत नाही, फुटाफुटाच्या चौकटी दिसतात. एक ताव लावला की दोन पावले मागे जाऊन पाहायचे, हे गवंड्याला आधीच बोलून ठेवावे. रोजावर काम असेल तर तो ऐकतो. फुटावर असेल तर घाई करतो. त्यामुळे मोझॅकचे काम शक्यतो रोजावर द्यावे.

आमचे मिस्त्री सगळ्या टाइल सिमेंटवरच बसवतात. ॲडेसिव्हचा खर्च वायफळ नाही का?

टाइल कोणती आहे यावर ते अवलंबून आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते, म्हणून सिमेंटचे पाणी तिच्या पाठीत शिरून पकड घेते. व्हिट्रीफाइड टाइलचे पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते आणि काचेचे तर नसतेच. तिथे सिमेंट नुसते टेकून राहते आणि कालांतराने सुटते. अशा टाइलसाठी पॉलिमर मिसळलेले ॲडेसिव्ह लागते. भारतीय मानक आयएस १५४७७ मध्ये ॲडेसिव्हचे प्रकार दिलेले असतात आणि पिशवीवर ते छापलेले असते. दुकानदाराला "चांगले द्या" म्हणण्यापेक्षा तो आकडा वाचून घ्यावा. नक्षीदार सिमेंट टाइल मात्र जुन्या पद्धतीने, नीट भिजवून, सिमेंट-वाळूच्या भरावर उत्तम बसते. म्हणजे मिस्त्री अगदीच चुकीचे बोलत नाहीत.

नक्षी भिंतीपाशी अर्धवट तुटलेली दिसते. असे का होते?

काम दाराच्या कोपऱ्यापासून सुरू केल्यामुळे. एका कोपऱ्यातून निघालेली पूर्ण नक्षी समोरच्या भिंतीपाशी पोहोचते तेव्हा तिथे बोटभर जागा उरते आणि फुलाची अर्धी पाकळी कापून बसवावी लागते. खोलीचा मध्य काढून, गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) लावून, दोन दोऱ्या आडव्या-उभ्या ताणाव्यात आणि मधून बाहेर काम न्यावे. उरलेली जागा चारही बाजूंना सारखी वाटली जाते आणि ती एकरंगी पट्टीने झाकता येते. पदराशिवाय जशी साडी पुरी होत नाही तशी नक्षीदार फरशी पट्टीशिवाय पुरी होत नाही, आणि जुन्या वाड्यांत एकही खोली गुण्यात नसताना फरशी सरळ दिसते ती या पट्टीमुळेच.

बाथरूममध्ये घसरायला होईल का?

लहान तुकड्यांच्या फरशीवर उलट पकड चांगली मिळते, कारण सांधेच पायाला धरतात. मोठी टाइल घेत असाल तर घसरणरोधक श्रेणी पाहावी. ती आर ९ पासून आर १३ पर्यंत असते आणि न्हाणीघराला आर १० किंवा आर ११ पुरते. चकचकीत काच फक्त भिंतीवर.

घरात वयस्कर माणसे आहेत. नक्षीदार फरशीने त्यांना त्रास होतो का?

होऊ शकतो, आणि हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. दृष्टी अधू झालेल्या किंवा विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाला काळ्या-पांढऱ्या चौकटीतली काळी चौकट खड्ड्यासारखी वाटते आणि तो पाय अडखळत टाकतो. त्यांच्या खोलीत आणि न्हाणीघराच्या वाटेवर एकरंगी, मळकट छटेची फरशी ठेवावी. पायरीची कड मात्र वेगळ्या रंगाची हवी, कारण ती दिसायलाच हवी.

फुटक्या टाइलचा मोझॅक घरी करता येईल का?

नक्की येईल. बार्सिलोनातल्या पार्क ग्युएलमधली नागमोडी बाके अशाच फुटक्या टाइलची आहेत. वास्तुरचनाकार अंतोनी गौदी यांनी हे उद्यान १९०० ते १९१४ या काळात घडवले. आपल्याकडे नेकचंद यांनी चंदीगडला टाकाऊ कपबशा, टाइल आणि बांगड्यांतून उभे केलेले रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सुरुवात कुंडीपासून करावी. टाइल जुन्या गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावी, म्हणजे कपच्या उडत नाहीत. तरीही चष्मा आणि हातमोजे हवेतच. तुकडे आधी जमिनीवर कोरडेच मांडून पाहावेत, मगच चिकटवावेत, एक दिवस जाऊ द्यावा आणि नंतर सांधे भरावेत. मातीची कुंडी ओल शोषते, म्हणून आतून वॉटरप्रूफिंगचा हात द्यावा, नाहीतर तुकडे आतूनच सुटतात.

गच्चीवर चायना मोझॅक करावा का? गळती थांबेल का?

चायना मोझॅक म्हणजे चकाकीच्या पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर. ऊन परतवण्यासाठी तो अवश्य करावा. गळती थांबवण्यासाठी त्यावर विसंबू नये. पाणी अडवण्याचे काम खालच्या विटांच्या कोब्याचे आणि वॉटरप्रूफिंगचे असते, पांढरे तुकडे त्या थराला उन्हापासून जपतात. पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेतल्या आपल्या संगाथ या कार्यालयाच्या कमानदार छतांवर असाच पांढरा चायना मोझॅक केला, तो मुख्यतः उष्णतेसाठी. आपल्याकडे पावसाचा मारा जास्त असल्यामुळे उतार पाहणे अधिक महत्त्वाचे. काम झाल्यावर गच्चीवर बादलीभर पाणी ओतावे आणि ते पाइपाकडे आपणहून जाते का ते मिस्त्री समोर असतानाच पाहावे.

पंचगंगेच्या पुराचे पाणी आमच्या घरात येते. मोझॅक टिकेल का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आम्ही पाहिलेल्या घरांत काच, व्हिट्रीफाइड आणि भाजलेल्या मातीचे तुकडे धुतल्यावर जसेच्या तसे निघाले. बिघडले ते सांधे आणि मागची भिंत. टाइल पाणी सोडत नसल्यामुळे तिच्यामागची भिंत सावकाश वाळते, आणि घाईने सांधे पुन्हा भरले की आतली ओल क्षारांसह बाहेर येऊन पांढरा लोणा धरतो. पूर ओसरल्यावर गाळ वाळण्याआधी धुवावा, सैल सांधे खरवडून मोकळे ठेवावेत आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच, मग त्याला दोन महिने लागोत, ते भरावेत. प्लायवुडवर किंवा एमडीएफवर चिकटवलेला मोझॅक अशा घरात तळमजल्यावर करूच नये.

कपड्यांत आणि दागिन्यांतही मोझॅक दिसतो. घराच्या सजावटीशी त्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बराच जुना आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रोममध्ये काचेच्या केसाएवढ्या कांड्या उभ्या खोचून ब्रोच आणि डब्यांची झाकणे केली जात. तोच मोझॅक, फक्त भिंतीवरून छातीवर आला. डोल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन कंपनीने २०१३ च्या हिवाळी संग्रहात सिसिलीतल्या मॉनरिआले इथल्या बाराव्या शतकातल्या कॅथीड्रलचे सोनेरी मोझॅक कपड्यांवर उतरवले. त्या भिंतीवरचे सोने म्हणजे काचेच्या दोन थरांत कोंडलेला सोन्याचा वर्ख, म्हणून ते इतक्या शतकांनंतरही काळवंडत नाही. आपल्याकडे कच्छच्या अजरखची, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाची, चौकट आणि फरशीची चौकट शेजारी ठेवून पाहिली तर दोघींचे गणित एकच असल्याचे लक्षात येते.

घरासाठी यातून घ्यायची गोष्ट रंगांची आहे. आवडत्या साडीचा किंवा दागिन्यातल्या मीनाकारीचा रंग फरशीसाठी उचलायला हरकत नाही, पण त्यातले दोन किंवा तीनच घ्यावेत. नव्या राजवाड्यासारखा काळा घडीव दगड कोल्हापूरच्या डोळ्यांना सवयीचा आहे आणि कित्येक घरांच्या जोत्याला तो असतो. त्याच्या शेजारी विटकरी, राखी आणि फिकट पिवळा हे जुन्या टाइलचेच रंग खुलतात. आणखी एक अनुभवाची गोष्ट : केळवणाचे किंवा डोहाळजेवणाचे फोटो जिथे काढले जाणार त्या जागी भरगच्च नक्षी नको. पैठणी आणि फरशी एकमेकींशी भांडतात आणि फोटोत दोघीही हरतात.

काम संपल्यावर उरलेल्या टाइलचे काय करावे?

परत करू नयेत. प्रत्येक प्रकारच्या निदान दहा टाइल किंवा दोन ताव खोक्यात घालून माळ्यावर ठेवावेत. खोक्यावर बॅच क्रमांक, सांध्याच्या रंगाचे नाव आणि बसवल्याची तारीख लिहावी, कारण पुढच्या बॅचमध्ये तीच छटा सहसा मिळत नाही. नळ दुरुस्त करायला प्लंबर येतो आणि नेमकी मधल्या फुलाची टाइल फोडतो, तेव्हा हे खोके सापडले पाहिजे.